पुलाखालची येळवस

तो पूल आणि त्याच्या खालचं रान देखणं आहे, हे आमच्या घरात बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुढ्यातलं ताट सरकवलं असतं, आणि अव्वानं, म्हणजे आईनं, माझ्याकडं असं बघितलं असतं की जशी मीच ती जमीन सरकारला देऊन आलेय. म्हणून मी पुष्कळ दिवस तोंड मिटून राहिले. तोंड मिटून राहणं माझ्या स्वभावात नाही, तेव्हा ते मला किती जड गेलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

कारण ती जमीन आमची होती. सोलापुरातून विजापूरच्या रस्त्याला लागलं की मंद्रूपच्या अलीकडं एक मोठा ओढा लागतो. ओढ्याच्या दोन्ही अंगाला आमचं रान. पूर्वी रस्ता सरळ ओढ्यात उतरायचा, फरशीवरून पलीकडं जायचा आणि पुन्हा चढायचा. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहायला लागलं की एस.टी. दोन्ही काठांना उभी. बाहत्तरच्या दुष्काळात कामं निघाली आणि सरकारनं ठरवलं, रस्ता उंच करायचा, रुंद करायचा, ओढ्यावर मोठा पूल बांधायचा. भराव पडला तो बरोबर आमच्या रानाच्या मधून. दोन्ही बाजूंना जे तुकडे उरले ते वनखात्यानं घेतले, पलीकडच्या गायरानाला जोडले, तारेचं कुंपण घातलं आणि पाटी लावली, ‘नैसर्गिक उद्यान’. त्या पाटीवरून अप्पांच्या नाकाला कायम मिरच्या झोंबायच्या. “उद्यान म्हणं. चार पेंड्या कडबा निघत न्हाय तितं, आणि उद्यान.”

आम्ही शहरात आलो. पेठेत दोन खोल्या घेतल्या. शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं, त्यांचे माग पहाटेपासून खटखटायचे आणि अव्वाला वाटायचं की कुणीतरी आपल्या डोक्यातच बसून विणतंय. अप्पांनी सरकी-पेंडीचं दुकान घातलं. जनावरं विकली होती, पण जनावरांच्या खाण्यातून काही त्यांचा जीव निघाला नाही. गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचे, हिशेब मराठीत करायचे, घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. चिडले मात्र की पूर्ण कानडीत जायचे, आणि ते सुद्धा एकाच शब्दात. “सुम्नीर.” म्हणजे गप्प बस. हा शब्द मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलाय की मला वाटायचं माझं दुसरं नावच ते आहे.

विजापूर रस्त्याला जायचं अप्पांनी सोडलंच होतं. एखाद्या लग्नाला जावंच लागलं तर एस.टी.त ड्रायव्हरच्या पाठीकडं तोंड करून बसायचे आणि पूल येऊन गेला की मग बाहेर बघायचे. हे सगळं एक वेळ ठीक होतं. खरी पंचाईत व्हायची ती येळवसला.

आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस म्हणतात. शिकलेली माणसं वेळ अमावास्या म्हणतात, पण त्यात काही मजा नाही. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळी माणसं रानात. रानाच्या मध्यावर कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना लावायचा, ते पांडव. त्यांची पूजा करायची. मग रानाच्या मालकानं आंबिलीचं मडकं घेऊन बांधाबांधानं फिरायचं आणि हाळी देत आंबील शिंपडत जायचं. जमिनीला जेवू घालायचं. त्याला आमच्यात चरगा म्हणतात. आणि मग जेवण. सगळ्या शेंगा, पाला, डाळी एकत्र घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, शेंगांची पोळी, गव्हाची खीर, आंबील. ज्यांना रान आहे ते ज्यांना नाही त्यांना बोलावतात. कुणी बोलावलं आणि तुम्ही गेला नाही, तर तो नुसता रुसवा नाही, नातं तोडल्यासारखंच होतं ते.

आणि अप्पा जायचे नाहीत. वळसंगचे आमचे पाहुणे दर वर्षी निरोप धाडायचे. मंद्रूपहून माझी मावशी स्वतः येऊन सांगून जायची. अप्पा मान हलवायचे, बघू म्हणायचे, आणि त्या दिवशी दुकान उघडून बसायचे. येळवसला पेंड घ्यायला कोण येणार? अख्खी बाजारपेठ सुनसान. हे एकटे गादीवर. अव्वा घरात थोडी भज्जी करायची, पण त्यांनी ती कधी तोंडाला लावली नाही. भाकरी, चटणी खाऊन झोपायचे. ज्या माणसाच्या रानात त्या दिवशी पंगतीवर पंगत उठायची, त्यानं दुसऱ्याच्या बांधावर पाहुणा म्हणून कसं बसायचं, हा त्यांचा प्रश्न होता. मला ते कळत होतं, आणि त्याचा संतापही येत होता. दोन्ही एकदम होऊ शकतं.

तर पूल झाल्यावर ते रान मला पहिल्यांदा दिसलं ते असंच, सहज. मावशीकडून जोंधळे आणायला मी बाजाराच्या दिवशी मंद्रूपला निघाले होते. हिवाळ्याची सकाळ. पुलावर मेंढरं आली म्हणून गाडी थांबली. मी खिडकीतून खाली बघितलं आणि बघतच राहिले.

कमरेइतकं गवत वाढून पिकलं होतं. पार पिवळंधमक नाही, थोडं तांबूस. शेंड्यांवर ऊन आलं होतं आणि बुडाशी अजून रात्रीची सावली होती. वनखात्यानं खालच्या अंगाला बांध घातला होता, त्यामुळे आमच्या वेळी दिवाळीतच आटणारा ओढा भरून उभा होता, आणि त्यात पुलाचे खांब उलटे उतरले होते. तारेवर वेडे राघू बसले होते, मधूनच एक झेपावायचा, माशी धरायचा आणि परत आपल्या जागेवर. आणि पुलाच्या सावलीत, खांबाला लागून, काळविटांचा कळप. एक काळा नर, बाकी भुऱ्या माद्या. आमच्या वेळी ही जनावरं पिकात शिरली की अप्पा गोफण घेऊन धावायचे. आता ती तिथं अशी उभी होती की घर त्यांचंच. वरून ट्रक गेला तरी कान हलवून पुन्हा चरायला लागली. त्या पुलामुळंच ते सगळं नीट दिसत होतं, हेही खरं. खालून फरशीवरून जाताना आम्हाला आमचं रान असं एका नजरेत कधी दिसलंच नव्हतं.

मला ते इतकं आवडलं की मला राग आला. राग कुणाचा, ते कळेना. सरकारचा म्हणावा तर त्यानं रानाचं वाईट काही केलं नव्हतं. मग त्या रानाचाच आला. एवढं सजायचं होतं तर आमच्याकडं असताना का नाही सजलं, असं काहीतरी.

घरी येऊन मी अव्वाच्या कानात सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, “मला ठाव हाय. मी बी बघितलंय.” आणि थोड्या वेळानं म्हणाली, “त्यास्नी सांगू नगं.”

म्हणजे आम्ही दोघी चोरून ते रान बघत होतो, आणि ज्याचं होतं तो डोळे फिरवून बसला होता.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा नाशिककडं नोकरीला. स्थळ चांगलं, माणसं चांगली, तक्रारीला जागा नव्हती. माघातली तारीख धरली. अप्पांनी सगळं रीतसर केलं, पण ठरल्यापासून माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. मी समोर आले की चष्मा शोधायचे, आणि चष्मा नाकावरच असायचा. मला वाटायला लागलं, आता एक एक करून सगळंच आपल्या हातून चाललंय असं यांना वाटतंय, आणि हे आता माझ्याकडंही त्या पुलासारखंच पाठ फिरवून बसणार. तेवढं मला चालणार नव्हतं.

एका रात्री जेवताना मी विषय काढला. “औंदा येळवसला मी रानात जेवणार.”

“जा की. वळसंगच्यांचा निरोप आलाय,” अप्पा म्हणाले.

“त्यांच्या रानात न्हाय. आपल्या.”

अप्पांचा हात थांबला. “आपलं रान कुटं हाय?”

“पुलाखाली.”

“सुम्नीर.”

एरवी मी गप्प बसले असते. त्या दिवशी नाही बसले. “अप्पा, पुढच्या येळवसला मी हितं नसणार. मला एकदा तुमच्यासंगं तितं बसून जेवायचंय. दुसरं मी काय बी मागत न्हाय. साड्या घेऊ नका, भांडी घेऊ नका. एवढं करा.”

“सरकारच्या जागेत जाऊन पांडव मांडायचे? लोक काय म्हणतील?”

“लोक त्या दिवशी आपापल्या रानात असत्यात. तुमच्याकडं बघायला कोण बसलंय?”

ते उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. अव्वा म्हणाली, “कशाला डिवचतीस?” पण दुसऱ्या दिवशी तिनं गुपचूप वाल, पावटे, तुरीच्या शेंगा आणल्या, पातीचा कांदा आणला, मेथी आणली. इतकी की खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही.

इथं अव्वाबद्दल एक सांगायला पाहिजे. तिला कमी स्वयंपाक करता येत नव्हता असं नाही. रोजचा ती तिघांपुरता नेमका करायची. पण येळवसची भज्जी तिला एकाच मापानं येत होती, सासूनं शिकवलेल्या. ते माप होतं पंगतीचं, सगळ्या शिवारानं जेवून जायचं. रान गेल्यापासून तिनं घरात केली ती भज्जी, तिच्या मते, भज्जी नव्हतीच, नुसतं कालवण होतं. आता रानात जायचं म्हटल्यावर तिचे हात आपोआप जुन्या मापावर गेले. मी म्हटलं, “अव्वा, आपण तिघं आहोत. त्यातले एक जेवणार का न्हाय ते बी ठाऊक न्हाय.” ती म्हणाली, “येळवसला रानात माणसं येत्यातच.” पुलाखाली कोण येणार होतं? पण तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माळ्यावरची पितळी पातेली खाली आली, उंड्यांची टोपली भरली, पत्रावळ्यांचा गठ्ठाही आला.

येळवसच्या सकाळी अप्पा धोतर नेसून, कोट घालून दारात उभे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “मी जेवायला येत न्हाय. ही भांडी कोण उचलणार तुमच्या दोघींकडनं? पोचवतो आणि बसतो.” मी म्हटलं, बरं. पडत्या फळाची आज्ञा.

एस.टी.चा कंडक्टर आमची भांडी बघून म्हणाला, “लगीन हाय काय मामा कुणाचं?” अप्पा गंभीरपणे म्हणाले, “हाय. माघात.” कंडक्टरनं सगळं टपावर टाकायला सांगितलं. अव्वा आंबिलीचं मडकं सोडेना. ते तिनं मांडीवर घेतलं आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या नावानं पुटपुटत राहिली. अप्पा नेहमीसारखे ड्रायव्हरच्या पाठीकडं बघत. पूल आल्यावर मी घंटीची दोरी ओढायला सांगितली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, “हितं? हितं तर कायच न्हाय.” त्यानं कुरकुरत भांडी उतरवून दिली आणि गाडी मंद्रूपला निघून गेली.

भरावावरून खाली उतरायला गुरं चारणाऱ्यांनी पायवाट पाडली होती, कुंपणाला तिथं खिंडार होतं. उतरून आम्ही पुलाखाली गेलो. वर रस्ता तापायला लागला होता आणि खाली गारवा. पाण्यावरचं ऊन परत उठून पुलाच्या पोटाला लागत होतं आणि तिथं सारखं हलत होतं, चुलीवरच्या दुधाच्या सायीसारखं. मी मान वर करून ते बघत उभी राहिले. सिमेंटच्या पुलाला असं काही दिसत असेल हे मला ठाऊकच नव्हतं. अप्पा मात्र भांडी ठेवून खांबाकडं तोंड करून बसले. रानाकडं पाठ.

तेवढ्यात वनखात्याचा रखवालदार आला. खाकी कपडे, हातात काठी, पन्नाशीचा असेल. “हितं काय चाललंय?”

“येळवस हाय,” अव्वा म्हणाली. बास, एवढंच. जसं काही त्यात सगळं आलं. आणि खरंच आलं होतं. तो माणूस वळसंगकडचा, त्याच्या भावाच्या रानात आज पूजा आणि याची नोकरी इथं. तो जरा वेळ पातेल्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, “चूल पेटवायची न्हाय. गवत वाळलंय, एक ठिणगी पुरं. आणि काय तोडायचं न्हाय.”

“शिजवून आणलंय सगळं,” अव्वा म्हणाली. “कोप सुदीक करत न्हाय. वर एवढा पूल हाय की. अजून कोप कशाला पायजे?”

रखवालदार हसला आणि बाजूला जाऊन बसला. अव्वानं ओढ्यातले पाच दगड आणले आणि मांडायला घेतले. अप्पा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. पहिला दगड, दुसरा दगड. तिसऱ्याला त्यांना राहवेना. “तोंडं कुणीकडं केलीस त्यांची?” अव्वा म्हणाली, “मला काय ठाऊक, दर साल तुमी मांडत होता.” आता, सासरी आल्यापासून दर वर्षी बघितलेली गोष्ट तिला ठाऊक नसेल का? पण चेहरा कोरा ठेवून बसली बघा. अप्पा उठले, पाचही दगड उचलले आणि नीट मांडले. चुना लावला. पूजा झाली.

मग चरग्याची वेळ आली. आंबिलीचं मडकं मीच उचललं.

“ठेव ते,” अप्पा म्हणाले.

“का? तुमी फक्त भांडी पोचवायला आलाय. मी फिरते.”

“तुला बांध ठाऊक हाईत काय?” त्यांनी माझ्या हातातून मडकं घेतलं आणि चालायला लागले. मी मागोमाग.

बांध राहिलेच नव्हते म्हणा ना. सगळं गवताखाली गेलं होतं. पण अप्पांचे पाय चुकले नाहीत. एका ठिकाणी जमीन जराशी उचलल्यासारखी होती, तिथून ते वळले. तरवडाची झुडपं एका ओळीत होती, त्या ओळीनं गेले. ओंजळीतून आंबील उडवत, ती जुनी कानडी हाळी देत. आधी ओठांतल्या ओठांत, मग बोलल्यासारखी, आणि निम्म्या वाटेवर पूर्ण आवाजात. किती तरी दिवसांनी तो आवाज ऐकला मी. दुकानात बसणाऱ्या माणसाचा तो नव्हता.

गवतातून अचानक काळवीट उठलं. अप्पा थबकले. त्यांचा उजवा हात खांद्याकडं गेला, गोफण असायची तिथं. मग खाली आला. काळवीट त्यांच्याकडं बघत होतं, ते काळविटाकडं. अप्पांनी मडक्यात हात घातला आणि त्याच्या दिशेनंही थोडी आंबील उडवली. ते उड्या मारत गवतात दिसेनासं झालं.

पुढं बांध सरळ रस्त्याच्या भरावाखाली गेला होता. मला वाटलं अप्पा तिथून मागं फिरतील. कसले फिरतात. बांध जिकडं गेला तिकडं ते गेले. धोतर सावरत भराव चढले, डांबरी हमरस्ता आंबील शिंपडत ओलांडला आणि पलीकडं उतरले. मी डोक्याला हात लावला, पण गेले मागं. तिकडचा तुकडा फिरून झाल्यावर परत यायला पुन्हा रस्ता ओलांडायचा होता, पुलाच्या सोलापूरकडच्या टोकाला. या वेळी समोरून ट्रक आला. त्यानं हॉर्न वाजवला. अप्पांनी वेग वाढवला नाही. चरगा देताना पळायचं नसतं. ट्रक थांबला. दुसऱ्या बाजूनं, पुलावरून, मंद्रूपहून परतणारी आमचीच एस.टी. आली आणि तीही पुलाच्या मधोमध उभी राहिली.

कंडक्टर उतरून धावत आला. “मामा, रस्त्यावर काय सांडताय?”

“चरगा हाय,” अप्पा म्हणाले. “रान हाय हे माझं. हितनं तितवर.” आणि शेवटची ओंजळ टाकून त्यांनी फेरा पुरा केला.

ट्रकवाला हात जोडून निघून गेला. कंडक्टर परत वळला, तर अप्पा म्हणाले, “थांबा. कुटं निघाला? चरगा पडताना जो माझ्या रानात असंल तो जेवल्याबिगर जात न्हाय. आमच्या वडलांपासनं हाय तसं. तुमची गाडी रानात उभी हाय.”

“मामा, मला टायमात गाडी न्यायची हाय.”

ड्रायव्हर वरून सगळं ऐकत होता. त्यानं गाडी पुलावरून पुढं घेतली, कडेला लावली आणि इंजिन बंद केलं. “येळवसला टायम कुटला बघतोस? मी घरात असतो तर रानातच असतो की.” तो उतरला, आणि त्याच्यामागं सगळी गाडी उतरली. म्हातारी माणसं, मंद्रूपहून परत निघालेल्या दोन मास्तरीणबाई, पागोटेवाले, लेकुरवाळ्या. रांगेनं पायवाटेनं पुलाखाली आली. अव्वानं त्यांना येताना बघितलं, पदर खोचला आणि पत्रावळ्या मांडायला लागली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. माणसं येणार हे तिनं कालच शिजवून ठेवलं होतं.

मी वाढत होते. अप्पा पंगतीतून फिरत होते, “घ्या, लाजू नका, आंबील घ्या,” करत. माणसं भज्जी भुरकत होती आणि मान वळवून वळवून बघत होती, गवताकडं, पाण्याकडं, पुलाच्या पोटावर हलणाऱ्या उन्हाकडं. एक म्हातारी म्हणाली, “मी हितनं किती येळा गेले, पर खाली कदी बघितलंच न्हाय. लई झ्याक जागा हाय की.” आणि मग अप्पांना विचारलं, “रान कुणाचं म्हणायचं हे?”

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. अव्वाही थांबली. रखवालदार पंगतीतच बसला होता, त्यानं मान खाली घातली.  आता अप्पा भराव चढून निघून जातील असं मला वाटलं.

अप्पांनी एकदा रानावरून नजर फिरवली. सकाळपासून पहिल्यांदाच, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाले, “रान सरकारचं. येळवस आमची. घ्या, खीर घ्या.”

गाडी गेली. रखवालदारही हात धुऊन आपल्या फेरीला गेला. पुलाखाली पुन्हा शांत झालं, पाण्याचा बारीक आवाज तेवढा. येळवसला रानाचा धनी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. मी विचारलं, “अप्पा, वाढू?” ते म्हणाले, “वाढ की. भूक लागलीय.”

वाढायला गेले तर काय, पातेल्यात काही नाही. टोपलीत काही नाही. माणसांनी सगळा फडशा पाडला होता. अव्वानं पातेलं उन्हाकडं वाकडं करून बघितलं, बुडाची भज्जी खरवडून काढली, ती ओंजळभर निघाली. टोपलीच्या फडक्यात एक उंडा राहिला होता, तो सुद्धा फुटका. मला रडू यायला लागलं. इतकं सगळं जुळवून आणलं आणि ज्याच्यासाठी आणलं त्याच्या ताटात काही नाही. अप्पा हसले. लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसले. “अगं, संपायलाच पायजे. उरलं तर ती येळवस कसली?”

ते पाण्याजवळच्या दगडावर बसले, या वेळी रानाकडं तोंड करून. एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. दुपारचं ऊन गवतावर आडवं व्हायला लागलं होतं आणि काळविटं परत सावलीला यायला निघाली होती, आम्ही कधी जातोय ते बघत. अप्पा अव्वाला म्हणाले, “आपल्याकडं होतं तवा असं दिसायचं काय गं हे?”

“न्हाय,” अव्वा म्हणाली.

“मग एवढी वर्सं आपण हितं केलं तरी काय?”

मला वाटलं अव्वा समजूत काढेल, काहीतरी गोड बोलेल. तिनं रिकामं पातेलं पालथं घातलं. “पोर वाढवली की.”

 अप्पांनी उंड्याचे दोन तुकडे केले, एकावर भज्जी ठेवली आणि तो माझ्या हातावर दिला. “बस हितं.” मी त्यांच्या शेजारी बसले. ते रानाकडं बघतच म्हणाले, “नाशकाकडं येळवस करत्यात काय?”

“न्हाय करत.”

“मग दुसरं कायतरी करत असतील. कुणी आपल्या रानात बोलावलं, घरात बोलावलं, तर जायचं. माझं न्हाय ते, मी कशाला जाऊ, म्हणून घरात बसायचं न्हाय. मी बसलो. उगंच बसलो.”  त्यांनी उरलेला तुकडा हातात घेतला. “तू जा. जे असंल ते आपलं म्हणून बघ.”

मी हो म्हटलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसली नाही. आम्ही तो अर्धा अर्धा उंडा खाल्ला. माझी माहेरची येळवस तेवढीच झाली, आणि मला ती पोटभर पुरली.